दोघींची खोली

२०१९च्या सप्टेंबरात मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने मालाडमधल्या एका गेस्ट हाऊसच्या प्रकरणात छापा घातला. बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा लावायची जी ठरलेली रीत आहे, तसाच हाही छापा. दलाल आरोपी झाला आणि वीस, बावीस नि तेवीस वर्षांच्या तिघीजणी 'सोडवल्या' गेल्या. तिघी सज्ञान होत्या. तिघींवर कसलाही गुन्हा नव्हता. तरी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना घरी जाऊ दिलं नाही, आणि आयांच्या ताब्यात द्यायलाही नकार दिला. कारण चौकशी अहवालात आलं होतं की या मुली बेडिया समाजाच्या आहेत आणि त्या समाजात वयात आलेल्या मुलींना धंद्याला लावायची चाल आहे. हुकूम निघाला, उत्तर प्रदेशातल्या एका वसतिगृहात वर्षभर ठेवा. सत्र न्यायालयानेही तो कायम केला.

उच्च न्यायालयात न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे प्रकरण आलं तेव्हा एक वर्ष उलटून गेलेलं होतं. २०२०च्या सप्टेंबरात त्यांनी दोन्ही आदेश रद्द केले. वेश्याव्यवसाय हा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतःहून गुन्हा नाही, सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा आणि हवं तिथे राहायचा हक्क आहे, तिच्या मनाविरुद्ध तिला डांबून ठेवता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. वर्तमानपत्रांनी ठळक बातमी केली. पण गुन्हा नाही हे ठरवून घ्यायला ज्यांना वर्षभर बंद दारामागे राहावं लागलं, त्यांच्यासाठी गुन्हा आणि बिनगुन्हा यांत फरक तो काय उरला, हे कुणी विचारलं नाही.

बेडियांचं नाव कागदावर येण्यामागे जुना इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक भटक्या समूहांना जन्मतःच संशयित ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. याच बेडियांमध्ये राहून दिल्लीच्या समाजशास्त्रज्ञ अनुजा अगरवाल यांनी २००८ साली एक पुस्तक लिहिलं. घरातल्या बहिणी धंदा करतात, त्यांच्या कमाईवर भाऊ लग्नं करतात आणि त्या भावांच्या बायका मात्र कडक पातिव्रत्यात राहतात, अशी ही कुटुंबाची रचना. म्हणजे चौकशी अहवालात अगदीच खोटं लिहिलं होतं असं नाही. खोटेपणा त्याच्या वापरात होता. समूहाबद्दलची माहिती एका माणसाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली आणि तीन सज्ञान बायकांना काय हवं हा प्रश्नच बाजूला पडला.

०

ज्या कायद्याने हे घडलं त्याला पोलीस ठाण्यापासून बातमीदारांपर्यंत सगळे 'पिटा' म्हणतात. १९५०च्या न्यूयॉर्क करारावर भारताने सही केली, त्यातून १९५६चा कायदा जन्मला आणि १९८६च्या दुरुस्तीनंतर त्याला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम हे आजचं नाव मिळालं. मुलींची विक्री, फसवणूक, डांबून ठेवणं, अल्पवयीन मुलींना धंद्यात ढकलणं याविरुद्ध त्यात कडक कलमं आहेत. ती हवीतच, त्याबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो उरलेल्या कलमांपाशी.

सज्ञान बाईने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हाच गुन्हा, असं या कायद्यात कुठेही नाही. पण कलम २मधली कुंटणखान्याची व्याख्या वाचा. दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी चालणारी जागा तर त्यात येतेच, शिवाय दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर लाभासाठी वापरली जाणारी खोलीही येते. एकटी बाई एकट्या खोलीत बसली तर व्याख्येबाहेर. तिने मैत्रिणीला सोबत घेतलं, भाडं निम्मं केलं, एक आत असताना दुसरी बाहेर लक्ष ठेवून बसली, की झाला कुंटणखाना. कलम ४ सांगतं की वेश्येच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार. तिच्यासोबत राहणारा किंवा नेहमी तिच्या संगतीत दिसणारा माणूस तिच्या कमाईवरच जगतो असं गृहीत धरायचं, तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. गावाकडे राहणारी म्हातारी आई आणि एकोणीस वर्षांचा कॉलेजात जाणारा मुलगा या कलमाच्या शब्दांत चपखल बसतात. कलम ७ प्रमाणे देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरांत धंदा नको. पुण्याची बुधवार पेठ डोळ्यांसमोर आणा. दगडूशेठ हलवाई गणपती आणि त्या गल्ल्या एकाच पेठेत आहेत. आपल्या शहरांत या दोनशे मीटरांबाहेरची जागा कुठे सापडते, ते नगररचनाकारांनी एकदा नकाशावर दाखवावं.

कलम ८ गिऱ्हाईक खुणावण्याचं. खिडकीत किंवा गच्चीत उभं राहून हातवारे केले तरी ते लागतं. बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हेच पुरुषाने केलं तर किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. एकाच कृत्याला बाईची कमाल शिक्षा पुरुषाच्या दुप्पट असल्याचं कायद्याच्या पुस्तकात इतकं उघड क्वचितच सापडतं. आणि पिटा लावायचा नसेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० आहेच, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. फाटकाशी उभं राहणंही त्यात बसवता येतं. दंड भरा, सुटा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या राहा.

ही कलमं एकाखाली एक ठेवली की मला त्यांत एक सूत्र दिसतं. हा कायदा धंद्यापेक्षा सोबतीवर जास्त तुटून पडतो. जोडीदारीण, घरचं माणूस, खोली, उंबरठा, म्हणजे ज्या ज्या गोष्टीने बाई थोडी कमी एकटी आणि थोडी जास्त सुरक्षित होईल, ती प्रत्येक गोष्ट यात गुन्हा आहे.

०

समाजशास्त्रात याला विचलन म्हणतात, समाजाच्या चाकोरीबाहेरचं वागणं. एमिल दुर्खीमने १८९५ साली मांडलं की गुन्हा हा निरोगी समाजाचाही भाग असतो. चुकणाऱ्याला शिक्षा देताना बाकीचे आपल्या मर्यादा नव्याने आखून घेतात. किंग्स्ली डेव्हिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३७ साली पुढचं पाऊल टाकलं. विवाहसंस्था टिकावी म्हणून वेश्याव्यवसाय टिकतो, एक दुसऱ्याची झडप आहे, असं त्याचं म्हणणं. हा लेख न वाचलेला माणूसही आपल्याकडे चहाच्या टपरीवर हेच ऐकवतो. त्या बायका आहेत म्हणून आपल्या लेकीबाळी सुरक्षित आहेत, गावाला गटार लागतंच. डेव्हिसची भाषा सभ्य होती इतकंच. दोन्हीकडे त्या बायकांचं काम आपली घरं स्वच्छ ठेवण्याचं, आणि ते केल्याबद्दल त्यांना घराबाहेर ठेवायचं हेही गृहीत.

१९६३ हे साल या विषयात महत्त्वाचं. हॉवर्ड बेकर शिकागोच्या बारांत पियानो वाजवायचा, गांजा ओढणारे आणि नाचगाण्याच्या ठिकाणी वाजवणारे वादक जवळून बघायचा. त्याने 'आउटसायडर्स' लिहिलं. विचलन कृत्यात नसतं, ते कृत्याला कोण काय नाव देतं त्यात असतं, हा त्याचा मुद्दा. नियम आपोआप होत नाहीत, कुणीतरी ते व्हावेत म्हणून मोहीम चालवतो. अशा माणसांना त्याने नीतीचे उद्योजक म्हटलं.

बेकर बरोबर की चूक हे तपासायला आपल्याला शिकागोला जायची गरज नाही. २००५ साली तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंदीचा कायदा आणला. त्याचं कलम ३३अ म्हणतं की परमिट रूम आणि बिअर बारमध्ये नाच नको. लगेच खालचं ३३ब म्हणतं की तीन तारांकित किंवा त्यावरच्या हॉटेलांना, सभासदांच्या जिमखान्यांना हे लागू नाही. गाणं तेच, ठुमका तोच, पैसे उधळणाराही कदाचित तोच. पनवेलच्या बारमध्ये ती समाज बिघडवते आणि जुहूच्या हॉटेलात पाहुण्यांचं मनोरंजन करते. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली ती मुख्यतः याच भेदभावावर. नीती माणसाच्या खिशाप्रमाणे बदलत नसते, असा त्या निकालाचा मथितार्थ. सरकारने त्यावर काढलेला उपाय मजेशीर होता. २०१४ मध्ये पंचतारांकितांवरही बंदी घातली, म्हणजे भेदभाव मिटला. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने डान्सबारच्या परवान्यांच्या अटी सैल केल्या. या चौदा वर्षांत त्या बायका कुठे गेल्या, याचा हिशोब सरकारने ठेवला नाही.

१९६३ सालीच अर्व्हिंग गॉफमनचं कलंकावरचं पुस्तक आलं. डाग असलेल्या माणसाच्या सोबतीने राहणाऱ्यालाही तो डाग चिकटतो, हे त्याने टिपलं. बायको वेड्याच्या इस्पितळात असलेला नवरा, कैद्याची मुलगी, फाशी देणाऱ्या जल्लादाचं कुटुंब. गॉफमनने जे निरीक्षण म्हणून लिहिलं ते आपल्याकडे कलम म्हणून छापलेलं आहे. पिटाचं कलम ४ दुसरं काय सांगतं? सोबत दिसलास, तर तू गुन्हेगार नाहीस हे तू सिद्ध कर.

आणि एडविन लेमर्ट. चाकोरी मोडणं वेगळं आणि चाकोरी मोडणारी म्हणून आयुष्य घडणं वेगळं, असा भेद त्याने १९५१ सालीच केला होता. या भेदाचा जिवंत पुरावा मुंबईच्या नाक्यांवर आहे. स्वाती शाह यांनी उत्तर मुंबईतल्या मजूर नाक्यांवर संशोधन केलं, ते २०१४ साली पुस्तकरूपाने आलं. मराठवाड्यातून, दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या बाया सकाळी बिगारीच्या कामासाठी नाक्यावर उभ्या राहतात. कंत्राटदार रोज येत नाही. काम न मिळालेल्या दिवशी त्यांतल्या काहीजणी दुसराही सौदा करतात, त्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. ती विटा वाहणारी का धंदेवाली? नाक्यावर दोन्ही. छापा पडला, नाव नोंदलं गेलं, गावात कळलं, की विटा वाहणारी संपते आणि दुसरी तेवढी उरते.

पुण्याच्या रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांनी चौदा राज्यांतल्या तीन हजार बायकांची पाहणी केली, तिचे प्राथमिक निष्कर्ष २०११ मध्ये आले. जवळपास निम्म्या बायकांनी आधी दुसरी कामं केली होती, शेतमजुरी, धुणीभांडी, बांधकाम, आणि त्यांतली मिळकत हातातोंडाची गाठ पडण्याइतकीही नव्हती. कित्येकींचं एक काम सुटून दुसरं सुरू झालेलं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी चाललेली होती.

०

सांगलीचं गोकुळनगर महाराष्ट्राबाहेर माहीत झालं ते एड्सच्या साथीमुळे. मीना सरस्वती शेषू यांनी १९९२ मध्ये तिथे संग्राम, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेचं काम सुरू केलं. तेव्हाची सरकारी नजर साधी होती. या बायका रोग पसरवतात, त्यांना आवरा. संग्रामने वस्तीतल्याच बायकांच्या हाती निरोधाची खोकी दिली. कुठल्या गल्लीत किती गिऱ्हाईकं येतात, कुठला दारुडा निरोध वापरायला नकार देतो, कुठल्या घरवालीशी गोडीनं बोलावं लागतं आणि कुठलीशी दमात, हे त्यांच्याइतकं कुठल्या आरोग्यसेविकेला ठाऊक असणार? १९९६ मध्ये या बायकांनी आपली स्वतंत्र संघटना नोंदवली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पश्चिम महाराष्ट्र आणि निपाणीकडच्या उत्तर कर्नाटकातल्या वस्त्या त्यात आल्या. वेश्या हा शब्द त्यांनी स्वतःहून नावात घेतला, आणि पुढे एक घोषणा दिली जी ऐकून समाजसेवक आजही अवघडतात: आम्हाला आमच्या तारणहारांपासून वाचवा.

ही घोषणा नुसती चटपटीत नाही, तिला अनुभव आहे. २००३ साली अमेरिकेने एड्ससाठी मोठी मदत जाहीर केली आणि तिला एक अट जोडली. मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं लेखी जाहीर करायचं. ब्राझीलने २००५ मध्ये चार कोटी डॉलर नाकारले. सांगलीच्या संग्रामनेही ते पैसे नाकारले. ज्या बायकांच्या बळावर काम उभं राहिलं त्यांच्याच विरोधात प्रतिज्ञापत्र कसं लिहून द्यायचं, हा साधा प्रश्न होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने गोकुळनगरात पोलिसांचा छापा पडला. संघटनेने त्या पद्धतीला विरोध केला, तर वॉशिंग्टनमध्ये संग्रामवरच तस्करांना साथ दिल्याचा आरोप झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अट अमेरिकी संस्थांपुरती रद्द केली, आणि २०२० मध्ये परदेशी संस्थांना तो दिलासा नाही असंही सांगून टाकलं.

संग्रामने २०१८ मध्ये छाप्यांवरचा अहवाल काढला. महाराष्ट्रातल्या छाप्यांत उचलल्या गेलेल्या २४३ बायकांशी बोलून तो लिहिला होता. त्यांतल्या १९३ जणींनी सांगितलं की छाप्याच्या वेळी आम्ही आमच्या मर्जीने धंद्यात होतो, आम्हाला सुटका नको होती. शंभरातल्या एकोणऐंशी. एखादा म्हणेल की धंद्यातल्यांची बाजू मांडणाऱ्या संस्थेचा अहवाल असाच असणार. ठीक आहे. पण मग उरलेल्या पन्नास जणींकडे बघा. त्यांतल्या ज्यांना मदत हवी असेल त्यांनाही तोच छापा, तीच व्हॅन, तेच सुधारगृह मिळालं. कुणाला सोडवायचं आणि कुणाला नाही हे विचारायची सोयच छाप्यात नसते.

वस्तीत गेलेल्या माणसाला आधी कळते ती तिथली नात्यांची रचना. घरवाली असते, तिचं कर्ज असतं, तिचा आधारही असतो. मालक म्हणजे खोलीचा मालक नव्हे, तर वर्षानुवर्षांचा यार. त्याची गावात लग्नाची बायको असते, वस्तीत त्याच्यापासून झालेली मुलं असतात. सुषमा देशपांडे यांनी या बायकांनाच घेऊन घरवाली, मालक आणि त्याची बायको यांच्यावर नाटक बसवलं. प्रेक्षक हसले, आणि मग आपण कशाला हसलो या विचाराने गप्प झाले, अशा जातीचं ते नाटक. परिषदेच्या समित्या वस्तीतले तंटे मिटवतात. अल्पवयीन पोर कुणी आणली तर तिला बाहेर काढण्याचं कामही त्या करतात, कारण गल्लीत नवी पोर आली हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं. पोलिसांची भीती असलेली बाई ही खबर पोलिसांना देत नाही. तस्करीविरुद्धचा सगळ्यांत चांगला खबऱ्या कायद्याने असा घालवलेला आहे.

०

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणी बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मांतराच्या निर्णयाला पाठिंबा द्यायला जमल्या. बाबासाहेबांनी त्यांचं कौतुक करण्यात वेळ घालवला नाही. धर्म बदलायचा तर आधी हे जिणं सोडा, ते समाजाला लांच्छन आहे, लग्नं करा, संसार करा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोट कसं भरायचं असं विचाराल, तर त्याला शेकडो वाटा आहेत.

आज ते भाषण वाचताना बोचतं, आणि तरी त्याला उडवून लावता येत नाही. कारण बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर 'व्यवसायाची निवड' नव्हती, जात होती. यल्लम्माला कुणाची पोर वाहिली जाते? ब्राह्मणाची नाही. तमाशाच्या फडावर, संगीत बारीत, कामाठीपुऱ्याच्या खोलीत कुठल्या जातींच्या बायका आहेत हे सांगायला पाहणी लागत नाही. शैलजा पाईक यांनी तमाशावरच्या पुस्तकात दाखवलं आहे की अश्लील ठरवणं हेही जातीचंच हत्यार असतं. जिच्या शरीरावर सगळ्यांनी हक्क सांगितला तिलाच असभ्य म्हणायचं. म्हणून आंबेडकरी स्त्रीवादी जेव्हा विचारतात की पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या कामाला तुम्ही 'मर्जी' कसं म्हणता, तेव्हा त्याला मर्जीच्या आकडेवारीने उत्तर देता येत नाही. तीन हजारांची पाहणी असो की २४३ जणींची, जातीच्या प्रश्नाला ती लागू पडत नाही.

मला स्वतःला वाटतं की हा आक्षेप धंद्यावर आहे, आणि मान्य केला तरी तो फौजदारी कायद्याची बाजू घेत नाही. उलट. जातीने जिला इथे आणून सोडलं तिच्या मुलाला कलम ४ खाली आरोपी करून जात कशी मोडते? मालाडच्या तिघींना जातीच्या नावाने वर्षभर ठेवलं, ते जातिनिर्मूलन होतं का? बाबासाहेबांनी त्या बायकांना पोलीस व्हॅनमध्ये घालून न्या असं कुणाला सांगितलं नव्हतं. ते त्यांच्याशी बोलले, समोर उभं राहून, त्या काही करू शकतात असं मानून. उलट मत असणारे मित्र आहेत, त्यांच्याशी हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी अर्ध्यावर राहतो.

०

जगात यावर दोन मोठ्या वाटा आहेत. स्वीडनने १९९९ मध्ये ठरवलं की विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा गुन्हेगार. मग नॉर्वे, आइसलँड, फ्रान्स, आयर्लंड त्या वाटेने गेले. वाचायला न्याय्य वाटतं. पण आयर्लंडमध्ये २०१९ साली किल्डेअर परगण्यात दोन रुमानियन बायकांना नऊ महिन्यांची कैद झाली, त्यांतली एक गरोदर होती. गुन्हा काय? एका घरात दोघी होत्या. कुंटणखाना. आपल्याच कलम २ची बहीण तिथेही नांदते.

न्यूझीलंडने २००३ मध्ये दुसरी वाट धरली. विधेयक साठ विरुद्ध एकोणसाठ अशा एका मताने पास झालं, एक सदस्य तटस्थ राहिला. चर्चेत जॉर्जिना बेयर बोलल्या. त्या ट्रान्स खासदार आणि एकेकाळी स्वतः या धंद्यात होत्या. हा कायदा धंद्याला 'मान्यता' देत नाही, तो त्याला फौजदारीतून काढून कामगार, आरोग्य आणि करार यांच्या कायद्यांत नेऊन बसवतो. चार बायकांपर्यंत एकत्र मिळून, वर मालक न ठेवता काम करत असतील तर त्यांना परवानाही लागत नाही. गिऱ्हाइकाला कुठल्याही क्षणी नकार द्यायचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. दोषही आहे, आणि तो छोटा नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी बाईला हा धंदा करता येत नाही, म्हणजे सगळ्यांत दुबळी बाई पुन्हा बाहेरच.

आपल्याकडे सरकारने वाट निवडलेलीच नाही, आणि न्यायालय अंदाज घेत पावलं टाकतं. कोलकात्यात १९९९ मध्ये एका बाईचा खून झाला. त्या खटल्यात आरोपीची शिक्षा कायम करताना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या बायकांच्या स्थितीचा प्रश्न हाती घेतला आणि समिती नेमली. ज्यांना या कामातच राहायचं आहे त्यांच्यासाठी अनुकूल परिस्थिती, असा एक मुद्दा समितीकडे होता. २०१२ मध्ये त्याची शब्दरचना बदलून ती घटनेच्या कलम २१ला बांधली, कारण मूळ वाक्याने धंद्याला उत्तेजन मिळतं अशी शंका आली. १९ मे २०२२ला न्या. नागेश्वर राव, गवई आणि बोपण्णा यांच्या पीठाने अंतरिम आदेश दिला. त्यानंतर काही दिवसांनी देशभर मथळे झळकले की सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायाला व्यवसायाचा दर्जा दिला.

तसं झालं नव्हतं. पोलिसांनी सभ्यपणे वागावं, छाप्याच्या वेळी चेहरे आणि नावं छापू नयेत, निरोध हा पुरावा म्हणून वापरू नये, सुधारगृहांची पाहणी करून मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडावं, पत्त्याच्या पुराव्यावाचून आधार कार्ड द्यावं, हे आदेश निघाले. निरोधाचा मुद्दा क्षणभर डोळ्यांसमोर ठेवा. एका सरकारी खात्याने तो मोफत वाटायचा आणि दुसऱ्याने तोच पंचनाम्यात जप्त करायचा, हे तीस वर्षं चाललं होतं. पण समितीची मुख्य शिफारस, म्हणजे बाई सज्ञान आणि राजी असेल तर पोलिसांनी मध्ये पडू नये, तिच्यावर केंद्र सरकारने हरकत घेतली. जी बातमी आपण वाचली ती नेमकी या न झालेल्या आदेशाची होती.

तोवर वस्त्या आपोआप हलतच असतात, किंवा हलवल्या जातात. गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना, बुलडोझर लावून पाडली. धंदा संपला नाही, लॉजमध्ये आणि फोनवर गेला, आणि निरोध घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना बायका सापडेनाशा झाल्या. नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगाजमुना वस्तीची तोंडं अडथळे लावून बंद केली. कामाठीपुऱ्याला कायद्याची गरजच पडणार नाही, तिथे जमिनीचा भाव पुरेसा आहे.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या एका बाईने आपल्या कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. मानवी हक्क लवादाने २०१४ साली तिची बाजू मान्य केली आणि पंचवीस हजार डॉलर भरपाई दिली. या कामातल्या बाईचाही कामाच्या जागी छळ होऊ शकतो, हे तिथे वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. आपल्याकडे २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे, असंघटित क्षेत्रातल्या बायकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समिती आहे. समजा सांगलीतली किंवा भिवंडीतली एखादी त्या समितीपुढे उभी राहिली. तक्रारीत घटनेचं ठिकाण लिहावं लागेल. ती खोली दोघींची असेल तर कलम २ प्रमाणे तो कुंटणखाना. चालवणारीवर कलम ३, खोली बंद करायला कलम १८, साक्षीदार म्हणून पुढे आलेल्या मुलावर कलम ४. आणि कागदाची दुसरी प्रत पोलीस ठाण्यात जाईल.